टायर निवडावं नखाने

मित्रांनो, माझ्यावर घोर अन्याय झालाय. वडिलांच्या जुन्या मोटारसायकलीच्या टायरचं माप इंचांत आणि बाजार सगळा मिलिमीटरांत!

आज शहाद्याच्या दुकानात घोळ आणखी वाढला. रुंद टायर चेनला घासणार, जुन्या नक्षीचं ओल्यात घसरणार. दुकानदार म्हणे, "भाऊ, गाडी दखाडानी शे का चालाडानी?" आता दाखवायची कुणाला, चालवायचीच ना!

सोबत आलेली बायको कडाडली, "मांगे बसनारीले कोनी इचारं का?" गेल्या पावसाळ्यात घसरलो, तेव्हापासून ती मागे बसलेली नव्हती.

मग दुधीला लावतात तसं तिने मापात बसणाऱ्या प्रत्येक टायरला नख लावलं आणि सगळ्यात मऊ ते निवडलं.

हे बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळतंय का?

संध्याकाळी नवं टायर बसवून, कबूल करून राहिलेली सारंगखेड्याची चक्कर तिला मागे घेऊन फेडली. तापीच्या पुलावर तिने घट्ट धरलेला माझा खांदा सोडला.