उजव्या कानाची तक्रार

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. लहानपणी गालफुगी झाली तेव्हापासून त्यांचा डावा कान पार बंद आहे. उजव्याने ऐकू येतं, पण आता वयामुळे तोही मंदावला. मोहगावच्या शाळेत शिकवून ते रिटायर झाले आणि सौंसरला आमच्याजवळ राहायला आले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काकाजी, पांढुर्ण्याला राहतात. तिगावकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. दोघा भावांचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं झालं नाही तर मामाजींना जेवण जात नाही.

पूर्वी हे बोलणं स्पीकरवर चालायचं, आणि तेही पूर्ण आवाजात. बागेला पाणी किती दिलं, कोणाकडे कोणती भाजी झाली, इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा नात्यातल्या एका पोरीचं जमलेलं लग्न मोडल्याची गोष्ट निघाली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू मलाच कारण विचारायला आल्या, "कावून मोडलं जी?" मला मान वर करता येईना. तेव्हा माझ्या नवऱ्याने पांढुर्ण्याच्या एका दुकानातून कानात घालायचे ते बिनवायरचे इअरबड आणले. मामाजी उजवा तेवढा घालायचे, डावा डबीतच राहायचा. घर शांत झालं, गल्लीला आमच्या बातम्या मिळणं बंद झालं.

वॉरंटी संपली आणि तो आठवडाही सरला नसेल, उजवा मुका झाला. डबीत ठेवला तर दिवा लागेना. मी कापसाने पुसला, फोनमधून काढून पुन्हा जोडला, उन्हात ठेवून पाहिला. काही नाही. मामाजी म्हणाले, "डावा चांगला आहे ना, तोच या कानात घालून पाह्यतो." पण त्याची ठेवणच डाव्या कानाची. तो तिरपा बसायचा आणि मान हलली की पडायचा. एकदा जेवताना थेट वरणाच्या वाटीत पडला. मामाजींनी तो चमच्याने काढला, धोतराला पुसला आणि डबीत ठेवून दिला. मला त्यांच्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

शनिवारी मी पांढुर्ण्याची बस पकडली. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची इतकी गर्दी, की तिथपर्यंत मी एका पायावर उभी होते. दुकानदाराने डबी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि परत दिली.

"वॉरंटी गेली ना ताई. आता काही नाही होत."

"उघडून तर पाहा."

"हे उघडतच नाही. चिपकवून देते कंपनी. उघडलं का तुटलं."

"मग एकटा उजवा द्या. मी विकत घेते."

"सुटा येत नाही, जोडीच येते. आणि डावा तर चालूनच राहिला न?"

मी म्हटलं, "ज्यांच्यासाठी आणला त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता काही मार्ग सांगेल. त्याने मागच्या फळीवरून नवा डबा काढला. "मग तर हे नवं मॉडेलच घ्या. याचा आवाज अजून मोठा आहे."

तोही बिचारा विकणाराच. पण परतीच्या बसमध्ये माझं डोकं तापत गेलं. चपलेचा एक अंगठा तुटला तर चांभार एकच शिवून देतो, दोन्ही चपला फेका म्हणत नाही. चष्म्याची एक काच फुटली तर एकच बदलते. आणि कानात घालायची एवढीशी वस्तू अशी बनवायची, की ती कोणालाच उघडता येऊ नये? हे न जमल्यामुळे झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे.

घरी येऊन मी कंपनीला फोन लावला. आधी मशीन बोललं, हे दाबा, ते दाबा. मग बराच वेळ गाणं वाजलं. शेवटी एक मुलगी आली.

"मैम, एक साइड चालू है ना?"

"हां, पर…"

"तो हमारे सिस्टम में प्रोडक्ट वर्किंग दिखाएगा, मैम."

मी तिला मामाजींच्या कानाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि नव्या जोडीवर सूट देऊ केली. मी नको म्हटलं, तक्रार लिहून घ्या म्हटलं. संध्याकाळी मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं समाधान झालं आहे. कोणाचं समाधान झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीतूनच एका मुलीचा फोन आला. आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती स्टार द्याल? मी मामाजींना ओरडून सांगितलं, कंपनी स्टार मागते आहे; पुढे काही बोलणार तोच त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे." फोन स्पीकरवर टाकून त्यांनी उजव्या कानाजवळ धरला आणि शाळेतल्या आवाजात, सावकाश हिंदीत विचारलं, "बेटी, आपको कान कितने हैं?"

"जी… दो, सर."

"मुझे एक है. आपकी कंपनी ने वही बंद किया. अब स्टार कितने दूँ, आप ही बताओ."

मग ती हळूच म्हणाली, "सर, मेरे हाथ में कुछ नहीं है."

"तो जिसके हाथ में है, उसे फोन दो."

फोन कटला. तिने कापला की आपोआप गेला, देव जाणे. मामाजींनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरीचा काही दोष नाही. दोष ज्याचा आहे तो फोनवर येतच नाही."

नवऱ्याने साधे वायरवाले इअरफोन आणले, तर या फोनला वायर लावायचं भोकच नाही. तेही कंपन्यांनी बुजवून टाकलेलं. मग ते जोडायला आणखी एक वायरचा तुकडा शोधावा लागला. आता मामाजी सदऱ्याच्या खिशात फोन ठेवतात, वायर चष्म्याच्या काडीत अडकते, ते ती सोडवतात आणि बोलतात.

परवा इअरफोनमधूनही काकाजींचा आवाज मला ऐकू आला, "मी बी तेच घेऊन राहिलो दादा, तुझ्याजवळ होते तसे."

मामाजी म्हणाले, "घेऊ नको. आणि बाजारात जाशील तिथं सांग, कावून घेतले नाही ते."

काकाजी पांढुर्ण्याच्या मंडीत रोज बसतात आणि त्यांचा आवाज मामाजींपेक्षाही मोठा आहे.