थाळी अनलिमिटेड

अमरावतीत आमच्या शेजारी राहणारे काका पुण्याला निघालेल्या प्रत्येकाला तिथे कुठे जेवायचं ते सांगतात. बहुतेक खाणावळी त्यांनी बाद केल्या आहेत. "थाळी अनलिमिटेड म्हनते, पन मानूस उपाशीच उठते," असं त्यांचं मत आहे.

मी मुलाखतीसाठी पुण्याला गेले, तेव्हा तेही तिथेच होते. त्यातल्या त्यात बऱ्या खाणावळीत त्यांनी मला नेलं. दोन पोळ्या संपल्यावर वाढपी आला. काकांनी ताटावर आडवा हात धरला. "नाई, नाई, बस झालं." वाढपी पुढे गेला. काका हात तसाच ठेवून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा जेवतो.

"पायलं का पोरी? आग्रहच नाई करत हे लोकं!"

त्यांचं पोट भरलेलं नव्हतं, हे उघड दिसत होतं. अनोळखी माणसाला हाक मारायला मी बिचकते. तरी मी धीर करून म्हटलं, "दादा, काकांना दोन पोळ्या वाढा ना."

वाढपी लगेच वळला.

"नाई, नाई, पोट भरलं," काकांचा हात पुन्हा ताटावर.

"एकदा काय ते ठरवा," म्हणत वाढपी दुसऱ्या टेबलाकडे गेला.

काका माझ्याकडे आशेने बघत होते. तिसऱ्या आग्रहासाठी वाढप्याला पुन्हा हाक मारायचा धीर मला झाला नाही.