ताईच्या पेशी, माझे कण

मला माझ्या थोरल्या जावेचा, ताईचा, हेवा वाटतो. सांगूनच टाकते, मनात ठेवलं की पित्त होतं. घरी सासूबाईंना तिच्याच हातचा चहा लागतो आणि प्रयोगशाळेत आमच्या प्रमुख मॅडमना तिच्याच हातच्या पेशी. एकवीस वर्षं ती काचेच्या बशांत पेशी वाढवतेय. "आज रुसल्यात गं," म्हणते, आणि त्या खरंच रुसलेल्या निघतात! आठ वर्षांपूर्वी मीही तिच्याच शब्दावर इथे चिकटले. शेजारच्या खोलीत सिलिकाचे नॅनोकण बनवते. डोळ्यांना न दिसणारे. मग कौतुक कोण करणार?

हे कण पेशीत औषध पोचवतील, अशी आशा होती. पण मेले पेशीच्या आवरणाला चिकटून ते फाडायचेच. आवरण फाटलं की तपासायला घातलेला निळा रंग आत शिरतो. दोनदा बशी निळीशार झाली. तिसऱ्यांदा झाली तर तुझं काम बंद, असं मॅडमनी बजावलं.

तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी निळी नव्हती. "कमाल केलीस!" मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा ताई माझ्या मागे उभी होती. काय सांगू, कसलं बरं वाटलं!

मग केराच्या डब्यात सीरमची, म्हणजे पेशींच्या खुराकाची, रिकामी बाटली दिसली. कण घालताना पेशींना सीरम द्यायचं नाही, असं ठरलं होतं. त्यातली प्रथिनं कणांना लपेटून बसतात, मग ते आवरणाला झोंबणार कसे? पण पेशी उपाशी ठेवणं ताईच्या जिवावर येतं. सवयीने हात गेला असणार.

ताईची चूक! चारचौघांत तिचं नाक कापायची केवढी संधी. पण त्यात माझंही कापलं गेलं असतं. मी बाटलीवर कागद टाकून गप्प बसले.

दुपारी ताई स्वतःच मॅडमसमोर उभी राहिली. "चुकलं माझं. सीरम घातलं मी. हिच्या कणांची परीक्षा झालीच नाही."

मी डोळे मिटले. मॅडम मात्र विचारात पडल्या. "म्हणजे कणांना आधीच प्रथिनांनी मढवलं, तर आवरण वाचेल? ताई, अहो, वाट सापडली की! काम चालू राहू दे."

माझं काम वाचलं. सगळे ताईभोवती जमले, आणि ती म्हणतेय, "माझं काय त्यात, कण हिचेच."

चुकतेसुद्धा माझ्यापेक्षा चांगली!