तिसरं मूळ

घणसोली गावात माझा दातांचा दवाखाना आहे, घरमालकीणबाईंच्या तळमजल्यावर. त्यांना सगळा गाव आजी म्हणतो, मीही. रोज सकाळी त्या ओट्यावर बसून बोटाने दातांना तंबाखूची मिश्री लावतात आणि मी शटर उघडता उघडता त्यांना मिश्री सोडायला सांगते. सहा वर्षं हे चाललंय.

नातीच्या हळदीला आठ दिवस उरले असताना आजी माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल मी पंधरवड्यापूर्वीच केलं होतं. डावीकडच्या दाढा कधीच्याच गेलेल्या, म्हणजे चावायला हीच एक.

"डाक्तरीन, दुखतंय अजून. हलदीचं मटन मी काय गिलून खाऊ?"

मी एक्स-रे काढला. दोन मुळं, दोन्ही व्यवस्थित भरलेली. या दाढेला मुळं दोनच असतात, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. "आजी, दाढ ठीक आहे. मिश्रीने हिरडी दुखत असेल," मी ठसक्यात सांगून टाकलं.

"हिरडी नाय गो. आत, मागं, जिभेच्या अंगाला. रोज बोट फिरवतंय, मना नाय कलनार? तुला नाय जमत तं टाक उपटून."

खरं सांगते, उपटायचं माझ्याही मनात आलं होतं. पण त्यांनी बोट ठेवलं तिथे मी हलकंच दाबलं आणि त्या कळवळल्या. मग यंत्र जरा तिरकं धरून पुन्हा फोटो घेतला. मागच्या मुळाच्या आड लपलेलं एक बारीक, वाकडं तिसरं मूळ दिसलं. काही लोकांना ते असतं. कॉलेजात मी हे परीक्षेपुरतं लिहिलं आणि विसरून गेले. घाईने दाढ ओढली असती, तर ते मोडून आतच राहिलं असतं. मला भयंकर लाज वाटली.

"आजी, चूक माझी. तुमचं बोट बरोबर होतं."

"मंग लाग कामाला," त्या म्हणाल्या.

दोन बैठकांत ते मूळ साफ करून भरलं.

हळदीला आजी ताट घेऊन माझ्याच शेजारी बसल्या. मटणाचा तुकडा त्यांनी उजवीकडे घेतला. बँजो दणाणत होता आणि मी घास हातात धरून त्यांचा जबडा बघत होते. त्यांनी गिळलं, तोंडात बोट घालून दाढ आतून चाचपली.

"कायच नाय," म्हणाल्या, आणि आणखी मटण मागवलं. मी मग पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडत होते तेव्हा त्या ओट्यावर मिश्री लावतच होत्या.

"आजी, मिश्री सोडा," मी म्हणाले. "बोट मात्र रोज फिरवत जा."