गॅसचा बाटला आणि हेमराजची बोटं

डिंडोलीच्या धुडकू आप्पांचं एक अजब दुखणं होतं. त्यांच्या घरचा गॅसचा बाटला लवकर संपत नसे! हसू नका. एकट्या जीवाला असा किती गॅस लागतो? बायको मंगलाबाई गेल्यापासून सकाळी केलेली खिचडीच संध्याकाळी गरम व्हायची. मग आप्पा आंघोळीचं पाणी दोनदा उकळायचे, शेजारच्या सुकलालला हाका मारमारून चहाला बोलवायचे.

"आप्पा, किती चहा पाजशात? मना पोटात आते जागा नही शे!" सुकलाल म्हणायचा.

"पी रे, पी. बाटला संपाले पाहिजे."

भानगड अशी होती, की गॅसच्या कार्डावर नंबर मुलाचा होता. हेमराज पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. बाटलेवाला दारात आला, की कोड जायचा हेमराजच्या फोनवर, आणि कोड सांगितल्याशिवाय बाटला काही खांद्यावरून उतरायचा नाही. म्हणजे त्या दिवशी पुणं आणि डिंडोली यांची गाठ पडणारच.

एरवी हेमराज फोन करत नव्हता असं नाही. पण आप्पांचा जन्म गेला लूमच्या कारखान्यात, मशिनींच्या खडखडाटात. कान केव्हाच गेले होते. फोनवर तिकडून काहीतरी गुणगुण यायची, इकडून आप्पा म्हणायचे, "हां, हां, बरा आहे." संपला फोन.

पहिल्यांदा कोड आला तेव्हा तर गल्लीत जत्राच भरली. फोन स्पीकरवर, तिकडून हेमराज बेंबीच्या देठापासून ओरडतोय, इकडे आप्पा तोच आकडा दुप्पट आवाजात चुकीचा म्हणतायत, आणि समोरच्या गॅलरीतून सरस्वतीबाई दुरुस्ती करतायत, "सात नही, भाऊ, नऊ शे, नऊ!" असला गुपित कोड. शेवटी हेमराजने फोन कापला, व्हिडिओ लावला आणि काही न बोलता बोटं वर केली.

आप्पांचा चेहरा उजळला. अहो, ही तर कारखान्याची भाषा! त्या गदारोळात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा कारभार बोटांवर चालायचा. लहानपणी हेमराज डबा घेऊन यायचा तेव्हा मशिनींच्या रांगेत उभा राहून तो ही भाषा शिकला होता. चार आकडे सांगून झाले, तर त्याने अंगठा तोंडाकडे नेला. चहा झाला का? मग डोक्यावर पदर ओढल्यासारखं केलं. ही मंगलाबाईंची खूण. आईच्या फोटोला फूल वाहिलं का? आप्पांनी मान हलवली. कित्येक महिन्यांत त्यांचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

"आते आम्हाले काही कळतच नही!" सरस्वतीबाई गॅलरीतून कुरकुरल्या.

काम नसताना मात्र आप्पा स्वतःहून व्हिडिओ लावत नसत. मशीन चालवणाऱ्याची नजर उगाच वळवायची नाही, धागा तुटतो, हे अंगात भिनलेलं. बाटला आला म्हणजे काम होतं, बोलवायला निमित्त होतं.

दिवाळीला हेमराज आला आणि त्याने कार्डावर आप्पांचाच नंबर टाकला. "मी मीटिंगमध्ये असलो, की बाटलेवाला खोळंबतो, आप्पा. आणि कोड आपला आपल्याकडे असावा, तेच सेफ. आता कोणाची वाट बघायला नको."

"बरं केलंस," आप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग पाणी दोनदा उकळायचं थांबलं. सुकलालचा चहाही कमी झाला. तो बाटला संपता संपेना.

शेवटी एकदाचा संपला. नवा घेऊन बाटलेवाला दारात उभा. "काका, कोड बोलो ने!"

हातातला फोन थरथरला. मोठ्या अक्षरांत चार आकडे, खाली लिहिलेलं, हा कोड इतर कोणालाही सांगू नका. आप्पांनी ते नीट वाचलं. मग अंगठ्याने बाजूला सारलं आणि हेमराजला व्हिडिओ लावला.

तो ऑफिसच्या जिन्यात होता. चेहरा घाबरलेला. काय झालं, अशी हाताने खूण केली.

"नाही जमत रे मला हे!" आप्पा मोठ्याने म्हणाले. "बारीक अक्षर, दिसत नाही. तुझाच नंबर टाक परत."

"अरे काका, आया तो है कोड! मैंने यहीं से पढ़ लिया!" मागून बाटलेवाला ओरडला.

आप्पांना ते ऐकू गेलं नाही. हेमराजला गेलं की काय, कोण जाणे. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, फोन कानाला लावल्यासारखं केलं. माझा नंबर, टाकतो. सावकाश डोक्यावर पदर ओढला. आप्पांनी मान हलवली. अंगठा तोंडाकडे न्यायला हेमराजने हात उचलला, तेवढ्यात मागून त्याला कोणीतरी हाक मारली असावी. तो वळला आणि पडदा काळा झाला.

बाटलेवाला केव्हाच बाटला ठेवून गेला होता. आप्पांनी नळी लावली, काडी ओढली. सुकलाल कामावर गेलेला, समोरची गॅलरी बंद. तरी त्यांनी भरपूर पाणी घालून चहाचं आधण ठेवलं, आणि शेगडी होती तेवढी मोठी केली.