भाऊजींचं गेलेलं नाक

आमच्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, धंदा नाकावर चालतो. गाडीचा एसी लावला की कुबट, आंबूस, जळकट असा काही वास येत असेल तर लोक गाडी त्यांच्याकडे आणतात. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या गॅरेजच्या भिंतीला लागून, त्यामुळे मशीनवर बसल्या बसल्या मला सगळी गंमत दिसते. काचा वर करायच्या, पंखा आधी हळू मग जोरात, डोळे मिटायचे, आणि मग निकाल: "पंख्यात उंदीर मेलाय," नाहीतर "फिल्टरमध्ये पाला कुजलाय." कामाच्या दिवशी कांदा-लसूण वर्ज्य. गाडीत सुगंधी बाटली टांगलेली दिसली की त्यांचा पारा चढायचा. "आंघोळ टाळून अत्तर फासायचं काम आहे हे," म्हणत ते ती स्वतःच काढून ठेवायचे. लोक त्यांना 'नाकवाले' म्हणायचे आणि ते ऐकून आमचे भाऊजी फुगायचे.

खरं तर घरात त्यांच्यापेक्षा तिखट नाक ताईचं. लहानपणी बाबा चोरून सिगरेट ओढून आले की ही दारातूनच जाहीर करायची, आणि बाबा बिचारे चूळ भरायला पळायचे. भाऊजींनी मात्र ते कधी कबूल केलं नाही. "तुझं नाक घरगुती, माझं धंद्याचं," असं ते म्हणायचे.

यंदा त्यांना सडकून सर्दी-ताप झाला. ताप उतरला, ते कामावर आले, डोळे मिटून निकाल देऊ लागले. मग एक दिवस रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंची गाडी परत आली. भाऊजींनी खताचा वास म्हणून गालिचे धुतले होते, फिल्टर बदलला होता. "वास जसाच्या तसा आहे हो," बाई म्हणाल्या. भाऊजींच्या हातची गाडी परत आलेली मी कधी पाहिली नव्हती. भाऊजी गाडी ठेवून जा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

उलगडा त्याच संध्याकाळी झाला. मी ताईकडे गेले तर जिन्यातच करपल्याचा वास. स्वयंपाकघरात दूध जळून पातेलं काळंठिक्कर झालेलं, आणि शेगडीकडे पाठ करून भाऊजी आरामात पेपर वाचत बसलेले! ताई माझ्यामागोमाग आत आली. तिने गॅस बंद केला, पातेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती ओरडली नाही. ताई ओरडत नाही तेव्हा मला धडकी भरते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. कदाचित नाहीही." भाऊजींनी पेपरची घडी घातली. "लोकांना कळलं तर गॅरेजला कुलूप लावावं लागेल गं. मला दुसरं काय येतं?"

एरवी भाऊजींची खोडी काढायची संधी मी सोडत नाही. त्या दिवशी मात्र मी ते काळं पातेलं घासायला घेतलं. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गॅरेजात हजर. बाईही गाडीची चौकशी करायला आल्या होत्या. "एक फेरी मारून येतो," म्हणत भाऊजी गाडीत बसले, ताई शेजारी बसली, आणि न बोलावता मी मागे. ताईने थेट भाऊजींसारखे डोळे मिटले. मला हसू आवरेना.

"खत नाहीये हे," ती म्हणाली. "ओटा पुसून न पिळता ठेवलेलं फडकं असतं ना, तो वास."

"कुठून येतोय?"

"माझ्या पायांकडून. आत्ता गेला बघा. अहो, आला! तुम्ही वळलात तेव्हा आला."

भाऊजींनी गाडी पुन्हा वळवली. मग पंखा बंद केला आणि कान टवकारले. ताईच्या गुडघ्यांसमोर, आत कुठेतरी, पाणी डचमळलं. भाऊजींचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "निचऱ्याची नळी तुंबलीय! एसीचं पाणी खाली पडायचं सोडून आतच साठलंय!"

गॅरेजात येताच ते गाडीखाली सरकले. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं टुमदार घर बांधलं होतं. रोपवाटिकेच्या सावलीत गाडी उभी राहायची, माशीला आयती जागा मिळाली. भाऊजींनी तार घातली, माती फुटली आणि सगळं सडकं पाणी बदाबदा त्यांच्या तोंडावर. असा भपकारा आला की बाईंनी पदर नाकाला लावला, मी रस्त्यापर्यंत पळाले, ताईने नाक चिमटीत धरलं. भाऊजी मात्र खाली निवांत पडून हसत होते. "बघा, नाक गेल्याचा पहिला फायदा!"

बोलून गेले आणि चपापले. बाई वाकल्या. "म्हणजे? तुम्हाला वास येत नाही?"

ओल्या केसांनी भाऊजी बाहेर आले. "नाही येत. गेल्या खेपेला मी अंदाज ठोकला होता. चुकलंच माझं. आज शोधला तो हिने."

बाई तिथेच स्टूल ओढून बसल्या. भाऊजींनी एसीच्या आतल्या कॉईलवर साफसफाईचा फेस मारला, ती धुतली, पंखा लावून सगळं खडखडीत सुकवलं. मग ताई एकटीच गाडीत बसली. काचा वर झाल्या. भाऊजी बाहेर हात पुसत येरझाऱ्या घालत होते. हात केव्हाच कोरडे झाले होते.

काच खाली आली.

"कसला येतोय?" भाऊजींनी विचारलं.

"कसलाच नाही."

"नक्की ना? मला तर सगळ्याच गाड्या तशा वाटतात."

बाई खो खो हसत सुटल्या. स्वतः आत बसून त्यांनी खात्री करून घेतली, खोल श्वास घेतला, आणि गाडी सुरू करताना म्हणाल्या, "माझ्या भावाच्या गाडीलाही घाण वास येतो. उद्या पाठवू?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. उत्तर ताईने दिलं.

"पाठवा की. आम्ही दोघं आहोतच."