शांततेसाठी भांडणारे मामा

आमच्या हिच्या मामांइतका शांततेसाठी भांडलेला माणूस उभ्या खानदेशात दुसरा नसेल. त्यांच्या पिंप्राळ्यात दोन रिक्षावाले हुज्जत घालू लागले, की मामा मधे पडत आणि दोघांनाही एकेक ठेवून देत. मग ते दोघे एक होऊन मामांच्या मागे लागत. मामा धावता धावता मला म्हणत, "बघा, जुळलं की नाही?" खुर्चीवर ते कधी पुरते बसले नाहीत, अर्धे मामा खुर्चीवर, उरलेले अर्धे केव्हाच दाराबाहेर.

त्यांचा मुलगा धुळ्याला इंजिनिअरिंगला होता. त्याने वसतिगृहातल्या स्वयंपाक्याच्या थोबाडीत मारली आणि प्राचार्यांनी वडिलांना बोलावणं धाडलं. पोराला काढून टाकणार, असं कानावर येत होतं. मामांना कारण तत्काळ सापडलं. तेव्हा गावोगाव व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली होती. "हे बठ्ठं त्या खेळनं काम शे," असं सगळं खापर खेळावर फोडून, प्राचार्यांपुढे ठेवायला पुरावा हवा म्हणून ते पिंप्राळ्यातल्या पार्लरच्या दारात उभे राहिले. पडद्यावर गावभर माणसं लोळवून जो बाहेर येई, त्याला छत्रीने ढोसायचं, चार शिव्या हासडायच्या आणि तो हात उगारतो का, ते पाहायचं. कुणीच उगारला नाही. एका कॉलेजकुमाराने तर, उन्हाने त्रास होतोय का मामा, म्हणत पाणी आणून दिलं. अखेर मामा स्वतःच खेळायला बसले, पहिल्याच फेरीत मेले आणि त्यांनी मशीनच्या कानाखाली आवाज काढला. मालक रफिकभाई अदबीने म्हणाले, "मामा, इथं आजवर कधी मारामारी झाली नव्हती."

धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी शेतात भरताचा बेत होता. मुलगाही घरी आला होता. भाजलेली वांगी मामा लाकडी मुसळीने अशी ठेचत होते, की आम्ही पाहुणे चार हात लांब उभे. ठेचता ठेचता त्यांनी मुलाला विचारलं, धुळ्याच्या पार्लरात रोज किती वेळ बसायचास?

"मी कधी गेलोच नाही, बाबा."

"मंग मारायचं कुठं शिकला?"

पोरगं वांग्यांकडे बघत राहिलं. मग म्हणालं, "घरी."

मुसळी थांबली. उरलेलं भरीत मामींनी ठेचलं, हळूहळू.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. मामा प्राचार्यांच्या आधी थेट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरले, तसा मी त्यांना आवरायला मागे धावलो. पण ते त्या स्वयंपाक्यासमोर हात जोडून उभे राहिले. प्राचार्यांकडे त्यांनी खेळाचं नावही काढलं नाही. "माझ्यावर गेलाय," एवढंच बोलले. स्वयंपाक्यानेच रदबदली केली, मुलगा राहिला.

परतीच्या एसटीने पारोळा सोडलं. मग मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, न रागावता बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करतात हो?"